एक आड एक सरी

मी चाचांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते ट्रकच्या फाळक्यावर उभे राहून भुईमुगाचं टरफल चावत होते. शेंगदाणा नव्हे, नुसतं टरफल. चावलं, थुंकलं आणि खाली उभ्या असलेल्या ड्रायव्हरला विचारलं, "रस्त्यात पाऊस कुठं लागला तुला?"

"पाऊस? न्हाई बा. ऊन होतं सगळीकडं."

"मग वजनासाठी पानी तूच मारलंस. वळीव गाडी."

ड्रायव्हरने हात जोडले, शपथा घातल्या, शेवटी हसला आणि गाडी वळवून घेऊन गेला. चाचा खाली उतरले, माझ्या गळ्यातलं नवंकोरं ओळखपत्र उलटंपालटं करून पाहिलं आणि म्हणाले, "लॅबवाल्या मॅडम का? बरं झालं. आतापतुर मी एकलाच चावत होतो."

सणसवाडीतल्या आमच्या कंपनीत पुठ्ठ्याचे खोके बनायचे. पुठ्ठा वाळवायला वाफ लागते, वाफेसाठी बॉयलर लागतो, आणि बॉयलरला काहीतरी खायला घालावं लागतं. पूर्वी तो तेल खायचा. मी नोकरीला लागले त्याच्या आदल्या वर्षी कंपनीने तेल बंद करून शेतातला काडीकचरा जाळायला सुरुवात केली होती. टरफलं, तुरीच्या तुराट्या, कपाशीच्या पऱ्हाट्या, लाकडाचा भुसा, आणि भुसा दाबून केलेल्या जाडजूड कांड्या. या कांड्यांना सगळे पांढरा कोळसा म्हणतात; त्या पांढऱ्याही नसतात आणि कोळसाही नसतात. हा सगळा माल ज्या पत्र्याच्या शेडखाली उतरायचा, त्या यार्डाचे चाचा प्रमुख. मूळचे केंदूरचे. वडिलांची शिरूरला बेकरी होती, त्यामुळे चालायला लागल्यापासून ते भट्टीसमोरच वाढलेले. त्यांचं खरं नाव हजेरीपटावर होतं, पण तिथेही कुणीतरी पेन्सिलीने पुढे ‘चाचा’ लिहून ठेवलं होतं.

बॉयलरला ते ‘बाई’ म्हणायचे. धुराड्यातून काळा धूर निघाला की, "बाईला अजीर्ण झालंय, कुणी काय घातलं?" वाफ कमी पडली की, "बाई उपाशी हाय." दुपारी जेवणाची घंटा झाली तरी आधी बॉयलरपाशी जाऊन चारा पुरेसा आहे ना हे बघितल्याशिवाय त्यांनी स्वतःचा डबा उघडल्याचं मला आठवत नाही. उत्तर प्रदेश-बिहारकडची पोरं भट्टीवर होती. त्यांना चाचा हिंदीत समजावायचे, पण ती हिंदी केंदूरच्या पलीकडे कधी गेलेली नव्हती. "अरे भैया, ऐसा खच्चून मत भर. बाई को ठसका लगेगा." पोरं हसायची, पण ऐकायची.

कंपनीच्या भिंतीबाहेर, बाभळीखाली, रंगाच्या रिकाम्या डब्याला भोकं पाडून त्यांनी एक शेगडी केली होती. कुठून काय जळण मिळेल ते आणून त्या शेगडीत जाळून बघणं हा त्यांचा छंद. रस्त्याने जाताना पडलेली काडी दिसली की खिशात. लग्नाला गेले तर मांडवामागे पडलेल्या करवंट्या पिशवीत. मग सुट्टीत बाभळीखाली बसून त्या जळणावर एक वांगं भाजायचं आणि निकाल द्यायचा. "तूर तापट. पऱ्हाटी समजूतदार. लाकडाचा भुसा म्हंजी पावना, आला कवा आन् गेला कवा कळत न्हाई." वांगं आम्हाला मिळायचं. एकदा त्यांनी कडुलिंबाच्या निंबोळ्यांवर भाजलेलं वांगं दिलं होतं. त्याची चव अजून माझ्या जिभेवर आहे आणि मी ती विसरायचा मनापासून प्रयत्न करते आहे.

माझं काम मालातली ओल मोजण्याचं. ओलं जळण म्हणजे अर्धी आग पाणी वाळवण्यातच जाते, वाफ काय होणार! माझ्याकडे दोन सुयांचं छोटं यंत्र होतं, आणि नीट खात्री करायची तर नमुना लॅबमधल्या छोट्या भट्टीत कित्येक तास वाळवून पुन्हा वजन करायची सोय होती. चाचा फक्त हाताने आणि दाताने ओल सांगायचे. यार्डातल्या सगळ्यांची पक्की श्रद्धा होती, की चाचांचा अंदाज चुकत नाही.

तो चुकला. माझ्या दुसऱ्याच आठवड्यात. त्यांनी तुराट्यांचा एक गठ्ठा चुरगाळून "बारा टक्के" म्हणून सांगितलं. मी नमुना वाळवला. सोळा आले. मी कागद घेऊन यार्डात गेले. पंचवीस वर्षांची नवखी पोरगी, साठीला टेकलेल्या माणसाला सगळ्यांसमोर खोटं पाडायला निघाली होती.

चाचांनी कागद दोनदा वाचला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला. मग एवढ्या मोठ्याने ओरडले की शेडवरची कबुतरं उडाली.

"हरलो रे! मी हरलो! मॅडमनी हरवलं मला! ए, चहा सांगा सगळ्यांना माझ्याकडनं!"

इतका आनंदाने हरणारा माणूस मी आधी पाहिला नव्हता. त्या दिवसापासून रोज अकरा वाजता ते लॅबच्या दारात उभे. हातात पुडी. "वळखा." आधी ते अंदाज सांगायचे, मग मी, आणि नमुना भट्टीत. दुसऱ्या दिवशी निकाल. सहा महिन्यांत त्यांचा हात माझ्या यंत्रापेक्षा बरा चालू लागला. मी तसं म्हटलं तर ते चिडले. "हात बरा चालतो कारन तू भट्टीत घालून सांगतीस. न्हाई तर चाळीस वर्सं मी चुकतच होतो, आन् लोकं व्हय चाचा, व्हय चाचा म्हनत होती." तोवर त्यांच्या तोंडी मी ‘मॅडम’ची ‘पोरी’ झाले होते.

यार्डात काडेपेटी न्यायला सक्त मनाई. दारात लोणच्याची एक मोठी बरणी होती. आत जाणाऱ्याने खिशातल्या काडेपेट्या, लायटर, विड्या त्यात टाकायच्या आणि जाताना घ्यायच्या. एकदा मुंबईहून कंपनीचे मोठे साहेब आले. सोबत सहा-सात सुटाबुटातली माणसं. चाचांनी दोन्ही हात आडवे केले.

"साहेब, खिसं."

परचेस मॅनेजर मध्ये पडले. "चाचा, हे कोण आहेत माहीत आहे का?"

"मला माहीत हाय. काडीला माहीत न्हाई."

साहेबांनी खिसे उलटे केले. सोनेरी लायटर निघाला. तो विड्यांच्या बंडलांशेजारी बरणीत पडला. साहेब जाताना तो विसरले, तर चाचा त्यांच्या गाडीमागे हायवेच्या सिग्नलपर्यंत पळत गेले आणि काचेवर टकटक करून लायटर परत देऊन आले.

आता खुटबावची गोष्ट सांगते.

कंपनीला आणखी जळण हवं होतं. दौंड तालुक्यात ऊस भरपूर. ऊस तुटून गेला की वावरात पाचट, म्हणजे उसाचा वाळका पाला, गुडघाभर पसरलेला असतो, आणि बहुतेक शेतकरी तो सरळ पेटवून देतात. परचेस मॅनेजरांनी ठरवलं, की मशीनने गठ्ठे बांधून हे सगळं पाचट उचलायचं. गावाशी बोलायला चाचांना बरोबर घेतलं, ओल वगैरे समजावायला मला. भीमेचा पूल ओलांडून आम्ही खुटबावला पोचलो तेव्हा सोसायटीच्या ओसरीवर तीसएक शेतकरी जमले होते. पुढे आप्पा बसले होते, पांढरं धोतर, हातात काठी. गावात त्यांचा शब्द चालायचा.

मॅनेजरांनी बरोबर आणलेलं पोस्टर भिंतीला लावलं. हिरवं पान, त्यातून निघालेली ज्योत, खाली लिहिलेलं, ‘पुन्हा पुन्हा उगवणारी ऊर्जा’. त्यांचं भाषण चांगलं झालं. शेवटी ते म्हणाले, "थोडक्यात, तुमचा कचरा म्हणजे आमचं सोनं. आम्ही सगळा उचलून नेऊ. वावर एकदम साफ!"

आप्पांनी काठी आपटली. "कचरा कशाला म्हंता? पाचट पेटवलं तर राख मातीत राहती. तुम्ही तर राख बी नेनार."

मॅनेजर चाचांकडे बघू लागले. चाचा उठले.

"आप्पा, तुमचं बरोबर हाय, आन् चूक बी हाय. पेटवलं तर राख राहती, पन मातीतलं जिवानू, गांडुळं सगळी भाजत्यात. पेटवू नगा. आन् आमाला सगळं देऊ बी नगा."

मॅनेजरांनी चाचांच्या शर्टाचं टोक ओढलं. चाचांनी ते सोडवून घेतलं.

"एक आड एक सरी द्या. एका सरीतलं आमाला. दुसऱ्या सरीतलं तिथंच कुजू द्या, बुडख्यातनं फुटनाऱ्या खोडव्याला खत व्हईल, पानी बी कमी लागंल."

आप्पांनी काठी मांडीवर आडवी घेतली. "चाचा, तुम्ही घ्यायला आलाय का नगं म्हनायला?"

"निम्मं घ्यायला आलोय. निम्मं नगं म्हनायला."

ओसरीवर हशा पिकला. मॅनेजर मात्र हसले नाहीत. परतीच्या वाटेवर गाडीत पारगाव गेलं, न्हावरं गेलं, तरी ते वहीत हिशेबच मांडत होते. तळेगाव ढमढेरे आलं तेव्हा बोलले. "चाचा, तुम्ही पगार कुणाचा घेता?"

"कंपनीचा."

"मग कंपनीचं निम्मं जळण कुणाला विचारून सोडलंत?"

चाचांनी मागच्या सीटवर गुंडाळून ठेवलेल्या पोस्टरवर हात ठेवला. "साहेब, हितं लिवलंय, पुन्हा पुन्हा उगवनारी. मातीला उपाशी ठिवून दोनदा उगवंल. तिसऱ्या खेपंला कोन उगवनार? तुम्ही?"

पुढच्या सोमवारी चाचांची बदली यार्डातून मेन गेटवर झाली. आल्या-गेल्याची नोंद करायची.

त्या दिवशी अकरा वाजता लॅबचं दार रिकामं होतं. दुपारी मी गेटवर गेले तर चाचा खुर्चीत बसलेले, डबा बंद. "जेवला नाहीत?" म्हणून विचारलं तर म्हणाले, "बाई जेवली का न्हाई ते हितनं दिसत न्हाई गं." एरवी त्यांच्या प्रत्येक बोलण्यावर हसणारी मी, तेव्हा मला हसू आलं नाही. मी ओसरीवर त्यांच्या बाजूने एक शब्द बोलले नव्हते, हे मला आतून टोचत होतं. ते खरं बोलत आहेत हे तिथे माझ्याइतकं कुणालाच कळत नव्हतं. मी ते कबूल केलं. ते म्हणाले, "तुला नोकरी नवी हाय. माझी जुनी झालीया, जरा मळली तरी चालती." आणि डबा उघडून अर्धी भाकरी माझ्या हातावर ठेवली.

चार दिवसांनी ते गेटवरही रमले. लोणच्याची बरणी तिथे आली.

त्या हंगामात आप्पांनी खरंच एक आड एक सरी पाचट दिलं. काहींनी सगळं दिलं. पुष्कळांनी नेहमीसारखं पेटवलं. गठ्ठ्यांची थप्पी यार्डाच्या मागच्या भिंतीला लागून उघड्यावरच चढत गेली. मध्येच दोन दिवस अवकाळी पाऊस झाला. यार्डावर आलेला नवा माणूस हुशार होता, पण यंत्राच्या सुया गठ्ठ्याच्या बाहेरच्या अंगाला टोचायचा. बाहेरून सगळं वाळलेलं दिसत होतं. मीही त्याने आणून दिलेले नमुने तपासले आणि ठीक आहे म्हणून सही केली.

आठवड्याभराने, भर दुपारी, चाचा गेट सोडून धावत लॅबमध्ये आले. मी त्यांना धावताना क्वचितच पाहिलं होतं.

"पोरी, तुझं लांब थर्मामीटर घे. वास येतोय."

"कसला?"

"गूळ आंबल्यावानी. वारं मागच्या भिंतीकडनं हाय."

मला काहीच वास येत नव्हता. तरी मी निघाले. थप्पीत लोखंडी नळी खुपसून आत थर्मामीटर सोडलं. पारा चढत गेला. साठ, सत्तर, पंच्याऐंशी. पुढचं मी वाचलंच नाही. ओलं पाचट घट्ट दाबून ठेवलं की आतल्या आत तापत जातं, हे मी पुस्तकात वाचलं होतं. सहीसुद्धा माझीच होती.

मी मॅनेजरांना फोन लावला. तोवर चाचा थप्पीकडे नव्हे, भिंतीच्या पलीकडे गेले होते. तिथे कामगारांच्या भाड्याच्या खोल्या होत्या, पत्र्याच्या, एकमेकींना चिकटलेल्या. त्यांचा आवाज मला इकडे ऐकू येत होता. "चलो चलो, बाहर! सिलिंडर पयले, फिर कपडे! खाना छोड दो, बाद में मैं देता खाना!" बायका पोरांना काखेत मारून रस्त्यावर आल्या. सगळ्या खोल्या रिकाम्या झाल्यावरच ते परत आले.

मॅनेजर आले, थर्मामीटर पाहिलं आणि पांढरे पडले. "जेसीबी लावून थप्पी फोडा, लगेच."

"फोडायचं, पन पानी आधी," चाचा म्हणाले. "हवा लागली की पेटंल. दोन पाइप दोन्ही अंगांना. एक गठ्ठा काढायचा, भिजवायचा, लांब न्यायचा. मग दुसरा. घाई न्हाई करायची."

कुणी विचारलं नाही, की गेटवरचा माणूस हुकूम कसे देतो. एक पाइप भट्टीवरच्या पोरांनी धरला, दुसरा मॅनेजरांनी स्वतः. जेसीबी एकेक गठ्ठा ओढू लागला. वरचे वाळलेले, मधले वाफाळलेले, आणि मग गाभ्यातला एक गठ्ठा निघाला तो काळा कुळकुळीत. बाहेर येताच भसकन पेटला. चाचा सगळ्यात जवळ होते. "मार पानी!" एवढंच ऐकू आलं आणि मग नुसती वाफ.

चार वाजेपर्यंत थप्पी सपाट झाली. खोल्यांना धग लागली नव्हती. चाचांची उजवी भुवई मात्र जळून गेली होती. पोरांनी टाळ्या वाजवल्या, चाचांनी सलाम केला, भुवईवरून एक विनोदही केला. मग ते बाभळीखाली येऊन बसले आणि मी पाणी दिलं तर त्यांना पेला धरता येईना.

"चाचा, घाबरलात?"

"मग? तू काय समजलीस? मी आगीला लहानपनापासनं भितो. भितो म्हनून तर तिला नीट वागवतो."

मी म्हटलं, "सही माझी होती."

"व्हय. उद्यापासनं गठ्ठ्याच्या पोटात हात घालून नमुना काढ." एवढंच. पुढे त्यांनी तो विषय कधीच काढला नाही.

मॅनेजर पाण्याने निथळत आमच्यापाशी आले. उभेच राहिले. "चाचा, उद्यापासून यार्डात या."

"येतो की. पन साहेब, खुटबावकरांना एक पत्र द्या कंपनीचं. आमी एक आड एक सरीच घेऊ म्हनून."

"आत्ता? या अवस्थेत तुम्ही मला हे सांगताय?"

"तुमची अवस्था पुन्हा अशी कवा व्हनार?"

मॅनेजरांनी ओली पँट पिळली, चाचांच्या जळलेल्या भुवईकडे पाहिलं, आणि ते हसायला लागले. एवढे हसले की त्यांनाही बसावं लागलं. पत्र दोन दिवसांत निघालं. टाइप करताना ऑफिसातली मुलगी मला विचारत होती, "कमीच द्या, असंच लिहायचंय ना? चूक नाही ना झाली?"

पुढच्या हंगामात पाचट देणारी घरं वाढली. निम्मं मागणाऱ्यावर लोकांचा विश्वास बसला असावा. सगळं गाव काही सुधारलं नाही. काही वावरं अजूनही काळी होतात. कमी पडलेलं जळण आम्ही टरफलांवर भागवतो. पण आप्पांचा खोडवा बघायला आता शेजारच्या गावातली माणसं येतात, आणि आप्पा त्यांना सरीतला कुजलेला पाला काठीने उकरून दाखवतात.

चाचा निवृत्त होऊन केंदूरला राहतात. सुनेने दिलेला मोबाइल पिठाच्या डब्यावर ठेवलेला असतो. तो वाजला तर त्यांच्या मते सुनेसाठीच असतो. गेल्या वर्षी आमच्या एका जुन्या सहकाऱ्याच्या मुलीचं लग्न दौंडला होतं. मी स्कूटर घेतली, मागे चाचा, त्यांच्या हातात उघडलेली छत्री. छत्रीने स्कूटर मागे ओढली जात होती, पण मिटा म्हटलं तर म्हणायचे, "तू पुढं बघ."

खुटबावच्या शिवारातून जाताना त्यांनी माझ्या खांद्यावर थाप मारली. "थांबीव!"

रस्त्यापासून दोन वावरं आत धुराची एक रेघ वर चढत होती. मी ब्रेक लावतेय तोवर चाचा उतरलेसुद्धा. छत्री माझ्या अंगावर टाकली आणि लग्नाचा इस्त्रीचा लेंगा दोन्ही हातांनी वर धरून बांधावरून पळत सुटले. "ए! कोन हाय तिकडं? इझीव! इझीव आधी!" मी मागून. वय सत्तरीकडे झुकलेलं, आणि मला ते गाठता येईनात.

धुराजवळ पोचलो तर बांधावर आप्पांचा थोरला मुलगा पाण्याची बादली घेऊन उभा. समोर मूठभर पाचट, चुलीत घालतात एवढंच, जळून संपत आलेलं. त्याने शांतपणे त्यावर पाणी ओतलं.

"अरं, तू आप्पांचा पोरगा ना! तू पेटीवतोस?" चाचांचा श्वास पुरेना. "लाज कशी वाटत न्हाई तुला? कालपतुर तुझा बाप गावाला शिकवत होता..."

"चाचा, सकाळधरनं सात फोन केलं. तुम्ही उचलीत न्हाई. शेवटी सुनंनं उचलला, दौंडला लग्नाला निघाल्यात म्हनली. आप्पा म्हनले, ह्याच रस्त्यानं जात्याल. मूठभर पाचट पेटीव, तीन कोसावरनं येत्याल पळत."

चाचांनी ती ओली राख पायाने विस्कटली. मग मला म्हणाले, "बघ, मानसं किती बेकार हायत." मग पुन्हा मुलाकडे वळून त्याला आणखी चार शब्द सुनावले, मूठभर का होईना पण का पेटवलंस, ही काय बोलवायची रीत झाली, वारं फिरलं असतं तर.

पलीकडे शेडच्या सावलीत आप्पा सतरंजीवर बसले होते. समोर ताटं मांडलेली, मासवडीचा वास इथवर येत होता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. चाचा दम घ्यायला थांबले तेव्हा त्यांनी तांब्या पुढे सरकवला.

"चाचा, रागावून झालं असंल तर हात धुवा."